निंदण आणि फवारणी एका मापाने मोजता येतील?

प्रश्न : आमच्या भागात फवारणीच्या गड्याला निंदणाऱ्या बाईपेक्षा जास्त रोजी मिळते. विचारलं तर सांगतात, 'काम वेगळं, म्हणून पैसे वेगळे.' दोन निराळ्या कामांचं मोल सारखं आहे की नाही, हे खरोखर मोजता येतं का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : येतं, आणि न्यायालयात उभं राहील इतक्या काटेकोरपणे येतं.

इंग्लंडमध्ये बर्कनहेडला कॅमेल लेअर्ड ही जहाजं बांधणारी कंपनी. तिच्या कँटीनमध्ये ज्युली हेवर्ड स्वयंपाकाचं काम करायची, तेही रीतसर उमेदवारी करून शिकलेलं. गोदीतला रंगारी, सुतार आणि उष्णतारोधक आवरणं बसवणारा कारागीर यांच्याइतकंच माझं काम मोलाचं आहे, मग पगार कमी का, असा तिचा दावा होता. समान मोलाच्या कामासाठी समान वेतन मागण्याची वाट तिथल्या कायद्यात 1984 पासून खुली झाली होती. एका स्वतंत्र तज्ज्ञाने चारही कामांना तेच पाच प्रश्न लावले : अंगमेहनत किती, भोवतालचा त्रास किती, आखणी आणि निर्णय किती, कौशल्य आणि माहिती किती लागते, जबाबदारी किती. प्रत्येक प्रश्नापुढे कमी, मध्यम किंवा जास्त असा शेरा. गोळाबेरीज सारखी निघाली. मग कंपनी म्हणाली, हिला जेवण फुकट आहे, आजारपणात पगार मिळतो, सगळं धरलं तर हिशेब फिटतो. 1988 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते मानलं नाही. मूळ पगाराची तुलना मूळ पगाराशीच व्हायची, असा निकाल लागला.

खरं तर तुमच्या गावातही ही तुलना रोज होतेच. 'फवारणीला इतके, निंदणाला तितके' असं जो ठरवतो त्याने दोन्ही कामं मनात तोललेली असतात. फक्त माप कोणतं वापरलं, ते तो सांगत नाही. आणि सगळी मेख त्या मापातच आहे.

लंडनजवळ डॅगनहॅमच्या फोर्ड कारखान्यात मोटारींच्या आसनांची कव्हरं शिवणाऱ्या 187 बायका 1968 साली संपावर गेल्या, त्या याच मापासाठी. कंपनीने सगळ्या कामांची प्रतवारी करून त्यांना अकुशल कामगारांच्या वर्गात टाकलं होतं. तीन आठवड्यांनी, मंत्री बार्बरा कॅसल यांच्या मध्यस्थीनंतर, त्यांचा दर त्याच वर्गातल्या पुरुषांच्या 92 टक्के झाला. 1970 चा समान वेतन कायदाही या संपाच्या रेट्यातून आला. कुशल कामगारांचा वर्ग मात्र त्यांना मिळाला 1984 मध्ये, पुन्हा संप केल्यावर. सोळा वर्षं! शिवण बाईला जात्याच येते असं एकदा धरलं, की त्यातलं कसब मोजायचं राहूनच जातं. निंदणाचंही तेच होतं, असं माझं ठाम मत आहे.

आता तेच प्रश्न वावरात न्या. पाठीवर पंप घेऊन चालणं ही मेहनत डोळ्यांना दिसते. दिवसभर वाकून किंवा उकिडवं बसून सरकत राहणं ही दिसत नाही, पण कंबर आणि गुडघे त्यातच जातात. पीक अजून कोवळं असताना रोप कोणतं आणि तण कोणतं हे ओळखून हात चालवणं, हे कौशल्य नव्हे तर काय? उलट धोक्याच्या रकान्यात फवारणीला जास्त गुण द्यावेच लागतील. तुमच्याच जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसं दगावली, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा फरक कदाचित उरेलही. पण तो धोक्याचा म्हणून, आकडा घालून लिहिलेला असावा. 'गड्याचं काम' एवढ्या दोन शब्दांवर तो उभा राहू नये.

आपला कायदा इथवर पोचलेला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1951 चा करार 'समान मोला'ची भाषा बोलतो आणि भारताने तो 1958 मध्ये मान्य केला. तरीही 1976 चा समान वेतन कायदा 'तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम' एवढ्यावरच थांबला आणि 2019 च्या वेतन संहितेनेही तीच मर्यादा ठेवली. त्या मर्यादेतही मोठा विजय मिळाला तो मुंबईच्या ऑड्री डिकोस्टा यांना. मॅकिनन मॅकेंझी कंपनीत स्त्री लघुलेखिकांचा वेगळा वर्ग करून त्यांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार दिला जात होता. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भेदभाव ठरवला. आर्थिक स्थिती बरी नाही, ही कंपनीची सबबही ऐकली नाही.

म्हणजे निंदण विरुद्ध फवारणी हा दावा घेऊन आज तुम्ही गेलात, तर कायद्याचा आधार तोकडा पडेल. पण त्याच वावरात गडी आणि बाई दोघंही निंदत असतील आणि गड्याच्या हातावर जास्त पैसे पडत असतील, तर तिथे पाच प्रश्नांचीही गरज नाही. तो सरळ कायद्याचा भंग आहे आणि त्याची तक्रार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करता येते.