बंद पडलेला चेनसॉ: आधी काय तपासाल?

अमेरिकेत मॅककलॉक, होमलाइट या कंपन्यांचे 1950-60 च्या दशकातले चेनसॉ, म्हणजे झाडं कापायच्या पेट्रोलवरच्या करवती, जमवून दुरुस्त करणारे हौशी लोक आहेत. दोरी ओढली तरी मशीन गप्प. जाणकार माणूस लगेच सगळं खोलत बसत नाही. आधी स्पार्क प्लग काढून ठिणगी पडते का बघतो, मग पेट्रोल पोचतं का. पुष्कळदा दोष कार्बोरेटरमध्ये सापडतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं पेट्रोल उडून जातं, चिकट थर उरतो, आतला पातळ पडदा कडक होतो. सफाई करून पडदा बदलला की इंजिन बोलू लागतं!

हाच क्रम वर्गात बंद टॉर्चवर करून घ्या: सेल, बल्ब, बटण. मुलं आधी बटणच खोलायला धावतात, बघा. चेनसॉ मात्र चित्रातच दाखवा. त्या काळच्या करवतींना साखळी थांबवणारा ब्रेकही नसायचा.