'ख्रिस्तपुराण' ते 'स्मृतिचित्रे' : एक वाचनानुभव

द्वितीय वर्षाला असताना आमच्या प्राध्यापकांनी वर्गात एक प्रश्न टाकला होता : धर्मग्रंथ केवळ साहित्य म्हणून वाचता येतो काय? त्या वेळी कोणाला नीट उत्तर देता आले नाही. मी मात्र त्याच दिवशी ग्रंथालयातून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घेतली. संध्याकाळी भिवपुरी रोडला गाडीतून उतरले तेव्हा चाळीस-पन्नास पाने वाचून झाली होती. घरी आजीने विचारले, "कुणाचं गं पुस्तक?" मी सांगितले. नित्यनेमाने हरिपाठ म्हणणारी माझी आजी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "वाच बाई, पण जपून वाच." पुढे वर्षभर मी जे वाचले ते हे दोन शब्द मनात ठेवूनच वाचले.

या वाचनात सर्वांत जुना ग्रंथ होता फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'. इंग्लंडमध्ये १५४९ साली जन्मलेला हा जेझुइट धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यास आला आणि पुन्हा मायदेशी गेला नाही. त्याने सुमारे ११,००० ओव्यांचे पुराण मराठीत रचले. १६१६ साली रायतूर येथे ते रोमन लिपीत छापले गेले. सासष्टीतील नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती, त्यांच्या जागी वाचावयास दुसरे काहीच नव्हते. ती उणीव भरून काढण्यासाठी हा ग्रंथ झाला. पण ती पुराणे सुटली कशी, हेही आपण विसरता कामा नये. सोळाव्या शतकात त्याच सासष्टीत पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती. पुढे १६८४ मध्ये तर गोव्यातील लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम निघाला. ज्या सत्तेच्या आश्रयाने स्टीफन्स आला, तिला मराठीचे प्रेम नव्हते. त्याला मात्र ते होते. मराठीची थोरवी गाताना त्याने फुले, रत्ने, पक्षी यांचे दाखले दिले आहेत. ते वाचताना लेखक परदेशी आहे याचा विसर पडतो.

एके दिवशी मी ग्रंथाचे नाव न सांगता त्यातील काही ओव्या आजीला वाचून दाखवल्या. तिने मांडीवर बोटांनी ठेका धरला आणि विचारले, "कुठल्या पुराणातल्या?" मी खरे ते सांगितले. आजी हसली. म्हणाली, "ओवी तर आपलीच आहे."

नारायण वामन टिळकांची कथा तर आमच्यासारख्या रोज गाडीने ये-जा करणाऱ्यांना जवळची वाटावी अशी आहे. १८९३ च्या सुमारास नोकरीसाठी राजनांदगावला जात असता आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपियन सहप्रवाशाशी गाठ पडली. काव्यावर बोलणे झाले आणि उतरताना त्या गृहस्थाने त्यांना 'नवा करार' दिला. टिळकांनी तो वाचावयास घेतला. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर पुस्तक त्यांच्या हातून सुटेना. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही तुकोबांना त्यांनी कधी अंतर दिले नाही. आपण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत असत.

परंतु वाचनाची खरी किंमत कोणी मोजली असेल तर ती लक्ष्मीबाईंनी. पतीने धर्म बदलला, संसार मोडला, लोक बोलले. पुढे त्या टिळकांकडे राहावयास आल्या, पण सोवळे आणि चूल त्यांनी वेगळीच ठेवली. हे सारे त्या अशा विनोदाने सांगतात की वाचताना हसू येते आणि मग हसल्याची लाज वाटते. एके दिवशी त्यांना प्रश्न पडला की, या जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळताच त्यांनी ठरवले की यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय मात्र त्याच्या आधीचा आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यासाठी त्या धर्मांतराची वाट पाहत बसल्या नाहीत.

हे प्रकरण वाचले आणि माझे जपून वाचणे संपले. आमच्या घरी सरपणाची मोळी घेऊन एक कातकरी बाई येते. तिला पाणी द्यावयाचे ते वरून, ओंजळीत. आणि चहा पडवीच्या कोनाड्यात ठेवलेल्या कान तुटलेल्या कपात. लहानपणापासून हे मी पाहत आले होते. मीही कित्येकदा तसेच पाणी ओतले होते. 'स्मृतिचित्रे' वाचल्यानंतर ती बाई आली तेव्हा मी घरातला पेला भरून तिच्या हातात दिला. तिने आधी माझ्याकडे, मग आजीकडे पाहिले आणि पेला ओठांपासून दूर धरून पाणी वरूनच प्यायली. आजी काही बोलली नाही. मागाहून तिने तो पेला दोनदा घासला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या बाईचे ते वरून पिणे माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. ज्ञानदेव-तुकारामांचे अभंग मला पाठ होते. परीक्षेत भूतदयेवर मी पाने भरून लिहिले होते. मग त्यांच्या वाचनाने जे झाले नाही ते या पुस्तकाने का व्हावे? मला वाटते, ओळखीचा ग्रंथ आपण म्हणतो. अनोळखी ग्रंथ आपल्याला वाचावा लागतो. संतांनी तेच सांगितले होते, पण माझ्या कानांना त्याची सवय झाली होती. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातील दिव्याने मला माझ्याच घरातील अंधारा कोनाडा दिसला.

प्राध्यापकांच्या प्रश्नाचे माझे उत्तर म्हणूनच असे आहे : धर्मग्रंथ साहित्य म्हणून वाचावयास घेता येतो, पण तो जर चांगला असेल तर तसा वाचून संपवता येत नाही. मी धर्म बदलला नाही, बदलावा असेही वाटले नाही. सध्या मी पुन्हा 'तुकाराम गाथा' वाचते आहे, आणि या वेळी ती मला अवघड जाते आहे.

तुटक्या कानाचा तो कप मी कोनाड्यातून काढून टाकला आहे. दुसरा कप अजून तेथे कोणी ठेवलेला नाही.

— तृतीय वर्ष कला (मराठी)