अहवालांतील गृहीत तारीख

तलाठ्याच्या दप्तरांतील कोणतेंहि पान उघडलें तरी प्रथम विचारावयाचा प्रश्न एकच : हें कोणत्या सालाचें ? महसुली कारकुनी करीत असतांना हा प्रश्न आमच्या अंगवळणीं पडला होता. हल्लीं बाजारभावाचे व हिशेबाचे अहवाल संगणकाच्या अगर मोबाइलच्या पडद्यावर येतात. त्यांत वाचकास हवी ती तारीख निवडतां येते; परंतु त्यानें कांहीं निवडण्यापूर्वींच अहवालानें एक तारीख धरलेली असते. तिला आपण गृहीत तारीख म्हणूं. पुष्कळ वाचक ती बदलीत नाहींत. म्हणून ती कोणती असावी याचा विचार अहवाल रचणारानेंच केला पाहिजे.

प्रथम आमचीच चूक सांगतों. चारकोपांत म्हाडानें जागतिक बँकेच्या साहाय्यानें भूखंड पाडून वसाहत वसविली त्यास सुमारें चाळीस वर्षें झालीं. आतां येथें नांगर दिसावयाचा नाहीं. तरी आमच्या शेजारच्या कांहीं बिऱ्हाडांच्या आंब्याच्या बागा कोंकणांत आहेत, व त्यांच्या पेट्यांचा हिशेब ठेवण्याचें काम निवृत्तीनंतर आम्हीं हौसेनें पत्करलें. अहवालाची गृहीत मुदत आम्हीं ठेविली १ एप्रिलपासून आजपर्यंत. कारकुनी हात, आर्थिक वर्षावांचून दुसरें सुचलें नाहीं. हापूसच्या पहिल्या पेट्या तर फेब्रुवारी-मार्चमध्येंच बाजारांत जातात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत एका बागायतदारानें अहवाल उघडला, तों नांवावर जवळजवळ शून्य. आडत्यानें पैसे बुडविले असें समजून तो गाळ्यावर जाऊन भांडला व उरलेला माल त्यानें दुसरीकडे घातला. पैसे बुडाले नव्हते. ते मागील वर्षाच्या पानावर बिनचूक जमा होते. दोघांचा अनेक वर्षांचा व्यवहार मोडला, तो अद्याप जुळलेला नाहीं.

वर्ष हें एकच नसतें. आपलें महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै. सरकारी जमाखर्चाचें १ एप्रिलपासून, तेंहि १८६७ सालापासूनचें. साखरेचा हंगाम १ ऑक्टोबरपासून धरतात. मराठेशाहीच्या दप्तरांतील शुहूर सन सूर्य मृग नक्षत्रांत शिरतांच बदले, म्हणून त्यास मृगसाल म्हणत. ही योजना करणारास शेत ठाऊक होतें, असें आम्हांस वाटतें. वर्ष तेथें तोडावें, जेथें माल नसतो. आंब्यासाठीं आम्हीं आतां १ जुलै ते ३० जून अशी मुदत घातली आहे.

रोजच्या भावाची गोष्ट निराळी. हिशेबाच्या तक्त्यांत 'टुडे' हें सूत्र घातलें म्हणजे आजची तारीख येते. परंतु रविवारीं, सणाच्या दिवशीं, किंवा आंकडे येण्यापूर्वीं पान कोरें दिसतें, आणि कोऱ्या पानाचा अर्थ वाचक 'भाव पडला' असाहि करतो. म्हणून आजची तारीख न घेतां, आंकडे असलेली शेवटची तारीख घ्यावी. 'मॅक्स' या सूत्रानें ती मिळते. यांतहि एक खोच आहे. कोणी २०२६ च्या जागीं २०६२ लिहिलें तर सारा अहवाल त्या सालांत जाऊन बसतो. यास्तव 'मॅक्सइफ्स' वापरून 'आजच्या पुढील तारीख नको' अशी अट घालावी. बाजार अनेक असतील तर प्रत्येकाची शेवटची तारीख वेगळी काढावी. नाहींतर एका बाजाराचे आंकडे लौकर आल्यानें इतर सर्व कोरे दिसतील.

पॉवर बीआयसारख्या साधनांत यादींतून आजची तारीख निवडून अहवाल जतन केला तर तो उद्यांहि तीच तारीख दाखवितो. त्यानें 'आज' लक्षांत ठेविलेला नसतो, तारीख ठेविलेली असते. उपाय सोपा आहे. तारखेशेजारीं एक जादा रकाना करावा. शेवटच्या तारखेपुढें 'ताजी' हा शब्द व बाकीच्यांपुढें त्यांची तारीख येईल असें सूत्र त्यांत घालावें, आणि निवड 'ताजी'वर ठेवावी. नवे आंकडे भरतांच शब्द आपण होऊन पुढील तारखेवर सरकतो.

याच साधनाच्या महाजालावरील सेवेंत 'आज' हा जागतिक प्रमाणवेळेनें ठरतो, व ती आपल्याहून साडेपांच तास मागें आहे. म्हणजे मध्यरात्रीपासून पहांटे साडेपांचपर्यंत तिचा आज तो आपला काल. भाजीबाजार तर नेमका पहांटेच भरतो ! तेव्हां सूत्रांत साडेपांच तास मिळविण्यास विसरूं नये.

मुदत कोणतीहि असो, ती पानाच्या माथ्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' अशी ठळक लिहावी. तक्त्यांत 'आज' जागोजाग न घालतां एकाच घरांत घालावा व बाकीच्या सूत्रांनीं तेथूनच तो घ्यावा. मग त्या घरांत ३१ मार्च, १ एप्रिल, एखादा रविवार अशा तारखा हातानें लिहून अहवाल कसा उघडतो तें आधींच पाहतां येतें. तो दिवस उजाडण्याची वाट पाहावी लागत नाहीं.