सॉफ्टवेअर व्यवसाय आणि उद्योग-संकेतांकाची निवड

उद्योग म्हटला की धुराडे, यंत्रांची घरघर आणि मालाने भरलेली गोदामे असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. सॉफ्टवेअरनिर्मितीला यांपैकी कशाचीच गरज नसते. एक संगणक, खात्रीची वीज, इंटरनेटची जोडणी आणि प्रशिक्षित बुद्धी एवढ्या भांडवलावर हा उद्योग खेड्यातही उभा राहू शकतो. कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा हे असेच एक ठिकाण. नांदेड, हिंगोली आणि यवतमाळ या तिन्ही दिशांचे रस्ते येथे एकत्र येतात. अशा ठिकाणच्या तरुणाने पुण्याच्या किंवा नागपूरच्या ग्राहकासाठी घरबसल्या संगणकीय प्रणाली तयार करावी, हे आता अशक्यप्राय राहिलेले नाही.

परंतु या तरुणाने आपल्या व्यवसायाची नोंदणी करावयाचे ठरविले, की अर्जातील एका लहानशा रकान्यापाशी तो अडखळतो. हा रकाना असतो उद्योग-संकेतांकाचा. ‘संगणकाचे काम’ एवढेच सांगून अर्ज भरून घेतला, तर पाहिजे तो संकेतांक पडेलच अशी खात्री नसते. म्हणून या आकड्यांचा अर्थ ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

वर्गीकरणाची रचना

देशातील सर्व आर्थिक व्यवहारांची एकसूत्री विभागणी करण्यासाठी राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण तयार करण्यात आले. १९७० च्या आवृत्तीनंतर १९८७, १९९८, २००४ आणि २००८ या वर्षी त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. २००८ ची आवृत्ती संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशी जुळणारी असून तीत २१ विभाग, ८८ प्रभाग, २३८ गट, ४०३ वर्ग आणि १३०४ उपवर्ग आहेत. या लेखातील संकेतांक त्याच आवृत्तीचे आहेत. काळानुसार आवृत्त्या बदलत असल्याने, अर्जावर कोणत्या वर्षाची आवृत्ती नमूद आहे हे सर्वप्रथम पाहावे.

संकेतांकाचे पाच आकडे पायरीपायरीने वाचावयाचे असतात. ‘६२’ हा प्रभाग संगणक-प्रोग्रॅमिंग, सल्ला व तत्संबंधी कामांचा. त्याखाली ‘६२०’ हा गट, ‘६२०१’ हा प्रोग्रॅमिंगचा वर्ग आणि शेवटी ‘६२०११’ हा उपवर्ग. प्रत्येक आकड्यागणिक कामाचे वर्णन अधिक नेमके होत जाते.

आधी काम, मग आकडे

संकेतांक ठरविताना दुकानाच्या पाटीवरील नाव किंवा वापरात असलेले यंत्र विचारात घेऊ नये. ग्राहक पैसे कशासाठी देतो, हा एकच प्रश्न विचारावा. संगणक तर झेरॉक्सच्या दुकानातही असतो. तेवढ्यावरून ते दुकान सॉफ्टवेअर व्यवसाय ठरत नाही.

एक उदाहरण घेऊ. हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध आहे. समजा, वारंगा फाटा येथील एका पदवीधर तरुणीने हळदीच्या व्यापाऱ्यांना आवक, वजन व देणी यांचा हिशेब ठेवता यावा म्हणून प्रणाली तयार केली. तिचा संकेतांक कोणता? याचे उत्तर ती ही प्रणाली कशा रीतीने देते यावर अवलंबून आहे.

तिने एका विशिष्ट व्यापाऱ्याच्या गरजेनुसार प्रणाली लिहून दिली, तर संकेतांक ६२०११. त्या व्यापाऱ्याचे केवळ संकेतस्थळ सजवून दिले, तर ६२०१२. ग्राहकांच्या प्रणालीची देखभाल व साहाय्य हेच तिचे काम असेल, तर ६२०१३. प्रणाली कोणती घ्यावी आणि संगणकव्यवस्था कशी उभारावी याचा ती सल्ला देत असेल, तर ६२०२०.

याउलट, तिने एकच तयार प्रणाली करून तीच अनेक व्यापाऱ्यांना परवान्याने दिली, तर ते काम प्रोग्रॅमिंगमध्ये न येता प्रकाशनात येते. त्याचा संकेतांक ५८२०१. संगणकीय खेळ प्रकाशित केल्यास ५८२०२. वर्गीकरणाच्या दृष्टीने तयार प्रणाली ही छापलेल्या पुस्तकासारखी आहे. एकदा रचावयाची आणि अनेकांना द्यावयाची. दुसऱ्याची तयार प्रणाली स्वतःच्या जबाबदारीवर मराठी बाजारासाठी रूपांतरित करून प्रकाशित करणेही याच वर्गात मोडते. आणि तिने प्रणाली विकलीच नाही, तर आपल्या सर्व्हरवर ठेवून मासिक वर्गणीने इंटरनेटद्वारे वापरू दिली, तर ते काम ६३११ या वर्गाकडे जाते. आजकाल बरीच सॉफ्टवेअरे याच पद्धतीने दिली जात असल्याने हा भेद विशेष ध्यानात ठेवावा.

शेजारच्या कामांचे संकेतांकही वेगळे आहेत. संगणकाची किरकोळ विक्री ४७४१ मध्ये, दुरुस्ती ९५११ मध्ये, संगणक-प्रशिक्षण ८५४९ मध्ये, तर छायाप्रती व कागदपत्रे तयार करून देणे ८२१९ या वर्गात येते.

एकाच व्यवसायात अनेक कामे

ग्रामीण भागात एकाच गाळ्यात प्रणाली लिहिणे, संगणक विकणे आणि शिकवणी चालविणे, अशी तिन्ही कामे होऊ शकतात. अशा वेळी ज्या कामातून सर्वाधिक मूल्यनिर्मिती होते, ते मुख्य काम समजावे. येथे केवळ उलाढाल पाहून चालत नाही. पन्नास हजारांचा संगणक विकून दोन हजार सुटत असतील आणि तीस हजारांची प्रणाली लिहून त्यांतील बहुतेक रक्कम श्रमाचे मोल म्हणून हाती राहत असेल, तर मुख्य काम प्रणालीनिर्मितीचे होय. मात्र उर्वरित कामे लपविण्याचे कारण नाही. १ जुलै २०२० पासून सुरू झालेल्या उद्यम नोंदणीत एका उपक्रमाला एकच नोंदणी असली, तरी तीत कितीही कामे नमूद करता येतात व पुढे वाढविता येतात. ही नोंदणी विनामूल्य आहे.

चुकीची किंमत

चुकीचा संकेतांक पडला तर बिघडते काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर व्यवहारातच आहे. २ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली केली. पण त्यांना मिळणारा लाभ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरताच मर्यादित ठेवला. सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उपक्रमांना मात्र २००६ च्या कायद्याचे अधिक संरक्षण आहे. मालाचे वा सेवेचे पैसे देण्यास खरेदीदाराने कराराने मागितलेली मुदतही ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते आणि उपक्रमाला सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. आता आपल्या उदाहरणातील तरुणीची नोंद केवळ ‘संगणक विक्री’ अशी झाली आणि शहरातील ग्राहकाने तिचे पैसे अडकवले, तर आपण सेवा पुरवठादार आहोत हे सिद्ध करण्यापासूनच तिला सुरुवात करावी लागेल. हातात भांडवल थोडे असणाऱ्यास अशी लढाई परवडत नाही.

दुसरा परिणाम सार्वजनिक आहे. आर्थिक गणना व पाहण्या यांची मांडणी याच वर्गीकरणावर होते. गावोगावचे प्रणालीकार दुकानदार म्हणून मोजले गेले, तर जिल्ह्यात हे कौशल्य असूनही आकडेवारीत ते दिसणार नाही. आणि जे आकड्यांत दिसत नाही, त्याचा विचार नियोजनातही होत नाही.

आकड्यांची गल्लत नको

वस्तू व सेवा कराचे संकेतांक ही स्वतंत्र पद्धती आहे. तेथे माहिती तंत्रज्ञानविषयक आरेखन व विकास सेवेचा क्रमांक ९९८३१४ असा सहा आकडी आहे. तो उद्यमच्या अर्जात, अथवा उद्यमचा संकेतांक कराच्या बीजकावर लिहू नये.

तसेच एखाद्या नामवंत कंपनीचा संकेतांक पाहून तो उतरवून घेण्याचा मोह टाळावा. कंपनीच्या एकवीस अक्षरी ओळखक्रमांकात पाच आकडे उद्योगाचे असतात. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिस या विख्यात सॉफ्टवेअर कंपनीच्या क्रमांकातील हे आकडे ८५११० असे आहेत, आणि अपोलो हॉस्पिटल्स या रुग्णालय चालविणाऱ्या कंपनीच्या क्रमांकातही नेमके तेच! मोठ्या कंपनीला अशा विसंगतीची झळ लागत नाही. नव्या, लहान व्यावसायिकाने मात्र आपल्या प्रत्यक्ष कामावरूनच संकेतांक ठरवावा.

मार्गदर्शकांचे कार्य

अर्ज भरण्यापूर्वी अर्जदाराला आपले काम एका वाक्यात लिहावयास सांगावे : मी काय करतो, कोणासाठी करतो आणि मोबदला कसा घेतो. हे वाक्य स्पष्ट झाले, की प्रथम दोन, मग चार आणि शेवटी पाच आकड्यांची यादी पाहून योग्य उपवर्ग निवडणे सोपे जाते. शंका राहिल्यास जिल्हा उद्योग केंद्राचा सल्ला घ्यावा. शिक्षकांनी हा पाठ वाणिज्य व संगणक विषयांच्या विद्यार्थ्यांना उदाहरणांसह द्यावा. ग्रामपंचायतींनी आपल्या गावातील अशा व्यावसायिकांच्या नोंदी एकदा तपासून घेण्यास त्यांना सांगावे. काम बदलले, तर नोंदही वेळीच बदलून घ्यावी. पाच आकड्यांची ही दक्षता घेतल्यास खेड्यातील बुद्धीच्या श्रमाला कागदोपत्रीही त्याचे खरे नाव मिळेल, आणि त्या नावाबरोबर येणारे हक्कही मिळतील.