नव्या टाकीत समुद्रफूल? जरा थांबा!

'फाइंडिंग निमो' पाहिलेलं मूल खाऱ्या पाण्याच्या टाकीचा हट्ट धरतं, आणि निमोचं घर म्हणजे समुद्रफूलही त्याच दिवशी हवं असतं. पालकांनो, इथेच घाई नडते. समुद्रफूल हे फूल नाही, प्राणी आहे.

नव्या टाकीतलं पाणी काचेसारखं दिसलं तरी मुरलेलं नसतं. माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू रुजायलाच ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून जाणकार समुद्रफुलासाठी निदान ६ महिने थांबायला सांगतात.

निमोला आसरा देणाऱ्या समुद्रफुलांच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं. ते उजेडात अन्न तयार करून त्यांना पुरवतं. उजेड कमी पडला, पाणी बिघडलं की शैवाल जातं आणि समुद्रफूल पांढरंफटक पडतं. दुकानात असं पांढरं दिसलं की मुलं "किती छान!" म्हणतात. घेऊ नका, ते उपाशी आहे. आणि हो, ते जागा बदलतं. पंपाच्या तोंडावर स्पंज लावाच. मेलं तर लगेच काढा, सडून मासेही दगावतात.

तोवर निमोचं काय? टाकीत तो समुद्रफुलाशिवायही मजेत राहतो. शिक्षकांनो, तोपर्यंत मुलांना रोज हायड्रोमीटरचं माप वहीत लिहू द्या; काटा १.०२५ च्या आसपास हवा.