जुन्या तबकडीचें रूपांतर

वाशीम जिल्ह्यांत लग्नाच्या डीव्हीडी तबकड्या अनेक घरीं कपाटांत पडून आहेत. आमच्या घरच्या अशा एका तबकडीवर आजोबांचा आवाज आहे. तिच्यावर चरे दिसूं लागले, तेव्हां आम्हीं ती प्रथम जशीच्या तशी संगणकावर उतरवून घेतली.

संगणकावर लिनक्स होतें. लिनस टोरवाल्ड्स या फिन्लंडच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं त्याचा गाभा रचला. फाब्रिस बेलार यांनीं २००० सालीं आरंभिलेली एफएफएमपेग ही आज्ञावली तेथें विनामूल्य मिळते.

येथें एक भेद ध्यानीं घ्यावा. तूर एका पोत्यांतून दुसऱ्यांत ओतणें निराळें, तिची डाळ भरडणें निराळें. ओतण्यांत चित्र तसेंच राहतें. भरडण्यानें फाईल लहान होते, परंतु डाळीची पुन्हा तूर होत नाहीं. मोबाईलला तबकडीचा एमपेग-२ साचा रुचेना, म्हणून भरडणें भाग पडलें. आम्हीं उतावीळपणें फारच बारीक भरडलें, आणि आजोबांचा चेहरा पुसट झाला!

मूळ प्रत हातची होती म्हणून निभावलें. दुसऱ्या खेपेस एच.२६४ साच्याचा दर्जाचा आंकडा १८ ठेवला. तो जितका लहान, तितकी हानि कमी. शिवाय तबकडीवरील प्रत्येक चित्र सम व विषम ओळींच्या दोन अर्ध्यांत असतें; ते अर्धे सांधले नाहींत, तर हलत्या हाताच्या कडा फणीसारख्या दिसतात. तेंहि केलें, तों फेट्याच्या चुण्यासुद्धां दिसूं लागल्या.

मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमांत लिनक्सचे पाठ मराठींतहि आहेत. विद्यार्थ्यांनीं ते अवश्य पाहावे.