इंजिनाची स्वच्छता

तमिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील देवळांचे गाव. त्याच्या परिसरात नवग्रहांची नऊ मंदिरे विखुरलेली आहेत. राहूचे तिरुनागेश्वरम अगदी जवळ, तर शनीचे तिरुनळ्ळार दूर, पुदुच्चेरीच्या कारैकल भागात. अनेक भाविक भाड्याची मोटार करून एका दिवसात नऊही दर्शने घेतात. गाडी थोडी धावते, थांबते, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. भाविकाला पुण्य लाभते. इंजिनाच्या वाट्याला मात्र मळ येतो.

असे का होते? इंजीन चालू असताना वाहणारे पेट्रोल इंजेक्टरचे टोक थंड ठेवते. इंजीन बंद होताच हा प्रवाह थांबतो, पण उष्णता तशीच राहते. टोकाशी उरलेल्या थेंबातील हलका भाग उडून जातो आणि जड भाग चिकटून बसतो. तापल्या तव्यावर राहिलेले तेल जसे पिवळे, चिवट होते, तसाच हा थर असतो. इंजेक्टरची छिद्रे अतिशय बारीक असतात. त्यांत किंचित थर साचला तरी पेट्रोलचा तुषार नीट उडत नाही. मग ज्वलन असमान होते, गाडी उभी असताना थरथरते आणि इंधन अधिक लागते. ठरावीक भाड्यात फेरी करणाऱ्या चालकाला हा जादा खर्च स्वतःच्या मिळकतीतून सोसावा लागतो.

या मळावर उपाय म्हणून पेट्रोलमध्ये शोधक द्रव्ये, म्हणजेच ॲडिटिव्ह, मिसळतात. त्यांचे कार्य साबणासारखे असते. त्यांच्या रेणूचे एक टोक मळाला धरते, तर दुसरे लांब टोक पेट्रोलमध्ये विरघळते. सुटलेला मळ इंधनाबरोबर जाऊन जळतो. पॉलिईथर अमाईन हे यांतील विशेष प्रभावी द्रव्य होय. अमेरिकेत 1995 पासून सर्व पेट्रोलमध्ये अशी द्रव्ये मिसळणे कायद्याने बंधनकारक झाले. भारतात भारत पेट्रोलियमने 2002 मध्ये ‘स्पीड’ हे ॲडिटिव्हयुक्त पेट्रोल बाजारात आणले. सुटी बाटली दुकानातही मिळते. ती टाकीत आधी ओतून मग पेट्रोल भरावे, म्हणजे मिश्रण चांगले होते. प्रमाण बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच ठेवावे. दुप्पट औषध घेतल्याने रोग अर्ध्या वेळात बरा होत नाही, तसेच हेही आहे!

या बाटलीकडून भलत्या अपेक्षा मात्र ठेवू नयेत. झिजलेला पिस्टन किंवा बिघडलेला स्पार्क प्लग तिने सुधारत नाही. काही नव्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. तेथे ते आत घेणाऱ्या झडपांना स्पर्शही करत नाही, त्यामुळे त्या झडपांवरील काजळी टाकीत ओतलेल्या द्रव्याने निघत नाही. अधिक ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे अधिक स्वच्छ पेट्रोल, हाही गैरसमजच. ऑक्टेन ज्वलनातील ठोका रोखतो. धुण्याचे काम वेगळ्या द्रव्याचे आहे.

भेसळीपुढे तर ही बाटली हतबल ठरते. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले की ज्वलन अपुरे होते, ठोका वाढतो आणि काजळी पुन्हापुन्हा साचते. रेशनचे रॉकेल स्वस्त होते, त्या काळात या भेसळीत मोठा पैसा होता. 25 जानेवारी 2011 रोजी नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनाची भेसळ रोखू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. टाकीत काय पडते याची चौकशी करणे इतके महाग पडू शकते, हे त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिले. पेट्रोल घेताना पंपावर गाळणकागदाची चाचणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. कागदावर टाकलेला पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून गेला पाहिजे.

पाठगत प्रश्न
1. गाडी वारंवार थांबवल्याने इंजेक्टरवर थर का बसतो?
2. शोधक द्रव्याला साबणाची उपमा का दिली आहे?